वादग्रस्त विषयावर शोधनिबंध लिहायचा आहे. विषय कसा निवडावा?

प्रश्न : विद्यार्थिनी, पदवी अभ्यासक्रम, दुसरे वर्ष

नमस्कार. या सत्रात आम्हाला एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर सुमारे तीन हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडावेत, पुराव्यांच्या आधारे त्यांची छाननी करावी आणि शेवटी स्वतःची भूमिका घ्यावी, एवढीच सूचना मिळाली आहे. विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक आहे आणि माझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

आतापर्यंत मी जी यादी केली आहे तीत फाशीची शिक्षा, दयामरण, अणुऊर्जा, लसीकरण, अवयवदान आणि प्राण्यांवरील प्रयोग हे विषय आहेत. फाशीच्या शिक्षेवर वाचायला घेतले तेव्हा इतके साहित्य समोर आले की सुरुवात कोठून करावी हेच कळेना. शिवाय जो लेख उघडावा त्यात तेच चार-पाच मुद्दे पुन्हा भेटत होते. लशीमुळे मुलांना स्वमग्नता येते का, यावर लिहावे असेही मनात आले, कारण त्यावरून लोक अजूनही तावातावाने भांडताना दिसतात. मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो प्राण्यांवरील प्रयोगांचा विषय. असे प्रयोग थांबले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र एका मैत्रिणीचे म्हणणे असे की, ज्या विषयावर मत आधीच ठरले आहे तो शोधनिबंधाला घेऊच नये, कारण मग आपण फक्त आपल्या बाजूचे पुरावे गोळा करत बसतो. दुसरी म्हणते की, जिव्हाळाच नसेल तर इतके आठवडे एका विषयात मन लागणार नाही. दोघींचेही पटते, म्हणून निर्णय होत नाही.

विषय 'वादग्रस्त' आहे हे कशावरून ठरवावे, तो तीन हजार शब्दांत बसेल की नाही याचा अंदाज आधी कसा बांधावा, आणि ज्यावर ठाम मत आहे तो विषय घ्यावा की टाळावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : अध्यापक, समाजशास्त्र

तुमच्या यादीत अजून एकही प्रश्न नाही. सगळी क्षेत्रे आहेत. 'अणुऊर्जा' या विषयावरील तीन हजार शब्दांच्या निबंधात तुम्ही किरणोत्सर्ग, खर्च, कचऱ्याची विल्हेवाट, अपघात आणि हवामानबदल या सगळ्यांना ओझरता स्पर्श करून मोकळ्या व्हाल आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी, जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, हा निर्णय कर्बउत्सर्जन कमी करण्याच्या तिच्याच उद्दिष्टाशी सुसंगत होता का, असे विचारले की देश, निर्णय, तारीख आणि निकष या चारही गोष्टी ठरतात. प्रश्नाला कडा आल्या की त्यावरचे वाचनही आपोआप मर्यादित होते. फाशीच्या शिक्षेवर तुम्हाला तेच मुद्दे पुन्हा पुन्हा दिसले, याचे कारण विषय जुना झाला हे नसून तुम्ही त्याला फार दुरून पाहत होता, हे आहे.

विषय वादग्रस्त आहे की नाही, यापेक्षा वाद कशाबद्दल आहे हे शोधणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बहुतेक सार्वजनिक वादांत तीन वेगळी भांडणे एकात एक गुंतलेली असतात : वस्तुस्थिती काय आहे याचे, काय योग्य मानावे याचे आणि म्हणून काय करावे याचे. विद्यार्थ्यांचे निबंध फसतात ते बहुधा या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे. नैतिक आक्षेपाला आकडेवारीने उत्तर दिले जाते, आकडेवारीला भावनेने, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या शेजारून निघून जातात.

तुमच्या यादीतील अवयवदानाचेच उदाहरण घेऊ. काही देशांत मृत्यूनंतर अवयवदान करायचे असेल तर हयातीत नोंदणी करावी लागते. काही देशांत नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरली जाते. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या दोन पद्धतींची तुलना केली. जर्मनीत संमतीचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के, ही त्यांची आकडेवारी आजही जागोजागी उद्धृत होते. पहिल्या वाचनात वाद मिटलाच, असे वाटते. पण ऑस्ट्रियाचा आकडा काय मोजतो ते नीट पाहा. तो ज्यांनी नकार नोंदवलेला नाही अशांचा आकडा आहे. प्रत्यक्ष किती जणांचे अवयव कोणाला मिळाले, हे तो सांगत नाही. आता स्पेन पाहा. मृतांच्या अवयवदानात हा देश दीर्घकाळ जगात आघाडीवर राहिला आहे आणि तेथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे. तरीही प्रत्यक्षात कुटुंबीयांना विचारल्याशिवाय तेथे अवयव घेतले जात नाहीत, आणि दानाचे प्रमाण वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. स्पेनच्या यशाचे श्रेय कायद्याला नव्हे तर या यंत्रणेला जाते, असे ती उभारणारे राफाएल मातेसान्झ यांनी सातत्याने सांगितले आहे. म्हणजे कायदा बदलल्याने दान वाढते का, हे वस्तुस्थितीचे भांडण अजून जिवंत आहे आणि त्यावर पुरावा गोळा करता येतो.

आता समजा, कायद्याने दान वाढते हे निर्विवाद सिद्ध झाले. तरी वाद संपत नाही. माणसाच्या मौनाला त्याची संमती मानण्याचा अधिकार राज्याला आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही. म्हणूनच विचारी देशही वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतात : नेदरलँड्समध्ये गृहीत संमतीचा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तर त्याच वर्षी जानेवारीत जर्मन संसदेने तसाच प्रस्ताव फेटाळला. ब्राझीलने १९९७ मध्ये असा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी मागे घेतला. ज्या विषयात वस्तुस्थितीचे आणि मूल्यांचे भांडण असे वेगळे करून दाखवता येते, तो शोधनिबंधाला चांगला. जिथे फक्त मूल्ये आहेत आणि तपासण्याजोगे काहीच नाही, तिथे तत्त्वचिंतनपर निबंध लिहावा लागतो. तो लिहिणे कमी प्रतीचे नाही, पण तुम्हाला दिलेले काम ते नव्हे.

तुमच्या मतासंबंधी सांगायचे तर, मत असणे हा दोष नाही. मात्र निवड करण्यापूर्वी स्वतःची एक परीक्षा घ्या. प्राण्यांवरील प्रयोगांचे समर्थन करणाऱ्या शास्त्रज्ञाची बाजू एका परिच्छेदात अशी लिहून पाहा की, तो परिच्छेद वाचून त्याने 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे. दुसरे म्हणजे, कोणता पुरावा समोर आला तर माझे मत थोडेतरी हलेल, याचे उत्तर लिहून काढा. पहिली गोष्ट जमली नाही, किंवा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणताही नाही' असे आले, तर या खेपेस तो विषय बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : ग्रंथपाल, महाविद्यालयीन ग्रंथालय

सरांनी प्रश्नाच्या घडणीबद्दल लिहिलेच आहे. मी संदर्भांच्या बाजूने लिहिते, कारण विषय पक्का करून, मार्गदर्शकांची सहीसुद्धा घेऊन विद्यार्थी आमच्याकडे येतात आणि मग त्या विषयावर वाचण्याजोगे काही नाही असे लक्षात येते. विशेषतः गेल्या दोन-तीन महिन्यांत गाजलेल्या प्रकरणांत असे हमखास घडते. त्यावर बातम्या भरपूर असतात, मतप्रदर्शन त्याहून अधिक असते, पण अभ्यास झालेलाच नसतो, कारण अभ्यासाला वेळ लागतो. म्हणून विषय जाहीर करण्यापूर्वी एक दुपार केवळ शोधण्यात घालवा. दोन्ही बाजूंचे, तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेले किमान तीन-तीन लेख मिळतात का, आणि मूळ कायदा, अहवाल किंवा न्यायनिर्णय तुम्हाला संपूर्ण वाचायला मिळतो का, हे पाहा. मिळत नसेल तर विषय कितीही आवडता असला तरी सोडा.

लस आणि स्वमग्नता यांच्याबद्दल तुम्ही विचारले आहे. तो विषय दोन बाजूंचा म्हणून कृपया घेऊ नका. तो दावा १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या, केवळ १२ मुलांवर आधारलेल्या एका लेखामुळे पसरला, आणि त्या नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. पुढे डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. समाजात भांडण चालू आहे याचा अर्थ शास्त्रात वाद शिल्लक आहे, असा होत नाही. अशा विषयात दोन्ही पक्षांना समान जागा देणे हा निःपक्षपातीपणा नव्हे. त्याने वाचकाची दिशाभूल होते, आणि जाणकार परीक्षक त्याचे गुण कापल्याशिवाय राहत नाही.

पण याच क्षेत्रात खरा वाद कोठे आहे हे शोधता येते. लशी सुरक्षित आहेत हे मान्य करूनही, त्या शाळाप्रवेशासाठी सक्तीच्या कराव्यात का, यावर सुज्ञ माणसांत मतभेद आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०१८ पासून बालकांसाठीच्या सक्तीच्या लशींची संख्या तीनवरून अकरावर नेली. इटलीने २०१७ मध्ये दहा लशी सक्तीच्या केल्या. सक्तीने लसीकरण वाढते, की अविश्वास वाढतो, की दोन्ही, यावर अभ्यास उपलब्ध आहेत. मिटलेल्या वादाच्या शेजारी असा न मिटलेला प्रश्न बहुतेक वेळा सापडतोच.

संदर्भ शोधताना सर्वांत उपयुक्त ठरते ती एका लेखापासून त्याच्या उत्तरापर्यंत जाण्याची सवय. गूगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली तो नंतर कोणी उद्धृत केला याची यादी मिळते. तिच्यातून खंडनेही सापडतात. किमान वेतनाचा वाद अशा रीतीने वाचून पाहावा, मग तुमचा विषय कोणताही असो. न्यू जर्सी राज्यात एप्रिल १९९२ मध्ये ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी तेथील आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहांना वाढीच्या आधी आणि नंतर दूरध्वनी करून नोकऱ्यांची माहिती घेतली. त्यांचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला : नोकऱ्या घटल्याचे दिसत नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दूरध्वनीवरील उत्तरांऐवजी वेतनपटांच्या नोंदी घेतल्या आणि नोकऱ्या घटल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर कार्ड आणि क्रुगर यांनी सरकारी आकडेवारी घेऊन उत्तर दिले. हे खंडन आणि त्याचे उत्तर दोन्ही २००० मध्ये, मूळ लेख छापणाऱ्या 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्येच आले. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तरी किमान वेतनावरचा वाद चालूच आहे. हे तीन लेख ओळीने वाचले की दोन प्रामाणिक अभ्यासक एकाच घटनेबद्दल वेगळे निष्कर्ष का काढतात हे उमगते : माहिती कोणाकडून, कशी आणि कोणत्या दोन तारखांना घेतली, यावर पुष्कळ काही ठरते. निबंधात एवढे जरी तुम्ही दाखवू शकलात तरी तो मतांच्या संकलनाच्या पुढे जातो.

एक सूचना आणखी. लेखाच्या शेवटी आर्थिक साहाय्य कोणाचे, हे छापलेले असते. ते आधी वाचा. साखर आणि हृदयविकार यांच्यासंबंधी १९६७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका आढावा लेखाला अमेरिकी साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानाने पैसे दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारावरून २०१६ मध्ये उघडकीस आले. त्या काळी असे संबंध जाहीर करण्याची सक्ती नव्हती. पैसा उद्योगाचा आहे एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, मात्र तो इतर स्रोतांशी ताडून पाहण्याची जबाबदारी वाढते. आणि हाच नियम ज्या संघटनांची भूमिका आपल्याला पटते त्यांच्या अहवालांनाही लावावा लागतो. प्राण्यांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनांची पत्रके तुम्ही वाचत असाल, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, औषधनिर्माणशास्त्र

सरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु ठाम मत असलेला विषय बाजूला ठेवण्याची घाई करू नये, असे मला वाटते. ज्याला एखादी गोष्ट मनापासून लागलेली असते तोच तिच्या तपशिलात शिरतो. काळजी एवढीच घ्यायची की, त्या विषयातला असा कोपरा निवडायचा जिथे आपले मत आपल्याला सहज उत्तर देऊ शकत नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांत असा एक कोपरा आहे. कोणतेही इंजेक्शन, सलाइन किंवा लस रुग्णाला देण्यापूर्वी त्यात जिवाणूंचे अंतर्विष नाही ना, हे तपासावे लागते. ते रक्तात गेले तर तीव्र ताप येऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. पूर्वी यासाठी औषधाचा अंश सशांना टोचून त्यांच्या अंगात ताप चढतो का ते पाहत. हॉर्सशू क्रॅब नावाच्या सागरी जिवाचे रक्त अशा विषाचा अत्यल्प अंश मिळताच गोठते, हे लक्षात आल्यावर त्या रक्तापासून चाचणी तयार झाली आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. सशांची मोठ्या प्रमाणावर सुटका झाली. त्यांची जागा या जिवाने घेतली. नाव खेकड्याचे असले तरी त्याचे जवळचे नाते कोळ्यांशी आहे. किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून त्यांना पकडून आणतात, हृदयाजवळ सुई खुपसून रक्ताचा काही भाग काढतात आणि मग त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. ते रक्त निळसर असते, कारण त्यात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहाऐवजी तांबे असलेले प्रथिन करते.

आता वाद पाहा. रक्त काढल्यामुळे किती हॉर्सशू क्रॅब मरतात, याचे अंदाज सुमारे १५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत आहेत. सिंगापूरमधील संशोधकांच्या कामातून याच चाचणीसाठी प्रयोगशाळेत बनवता येणारे प्रथिन उपलब्ध झाले, आणि युरोपच्या औषधकोशाने (औषधांचा दर्जा व चाचण्यांचे अधिकृत निकष सांगणाऱ्या ग्रंथाने) जानेवारी २०२१ पासून त्यावर आधारित चाचणीला स्वतंत्र स्थान दिले. अमेरिकेच्या औषधकोशाने मात्र २०२० मध्ये, आणखी माहिती हवी असे सांगून, तिला जुन्या चाचणीच्या बरोबरीने बसवण्याचे टाळले आणि २०२४ मध्ये मान्यता दिली. डेलावेअरच्या उपसागरात या जिवांची अंडी खाऊन पुढचे स्थलांतर करणाऱ्या रेड नॉट या पक्ष्याची संख्या घटली. त्याला औषध उद्योग किती जबाबदार आणि मासेमारीसाठी आमिष म्हणून या जिवांची पूर्वी झालेली प्रचंड पकड किती, यावरही एकवाक्यता नाही.

येथे तुमची नेहमीची भूमिका एकदम अडते. ही चाचणी प्राण्यांना वाचवणारी म्हणायची की प्राण्यांचा वापर करणारी? विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्रयोगांतील प्राण्यांविषयी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, शक्य तेवढी त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या यातना सौम्य कराव्यात. सशांऐवजी हॉर्सशू क्रॅब वापरणे यांपैकी कोणत्या तत्त्वात बसते, यावरच एक उत्तम परिच्छेद होऊ शकेल. आणि समोरच्या बाजूला केवळ उद्योग नसून ज्याच्या शिरेत ते औषध जाणार आहे तो रुग्णही आहे, हे विसरता येत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. ग्रंथपाल मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आधी शोध घेतला. मृत्यूच्या प्रमाणावरचे अभ्यास आणि दोन चाचण्यांची तुलना करणारे लेख हे दोन्ही पुरेसे मिळाले. युरोप आणि अमेरिका यांनी वेगळ्या वेळी वेगळे निर्णय घेतल्यामुळे तुलनेलाही आधार आहे. म्हणून विषय नक्की करते आहे : 'औषधांच्या तपासणीसाठी हॉर्सशू क्रॅबच्या रक्ताचा वापर कायद्याने बंद करावा का?'

सरांनी सुचवलेला विरुद्ध बाजूचा परिच्छेदही लिहिला, तो येथे देते आहे : "रक्तापासून बनवलेली चाचणी अनेक दशके वापरात आहे आणि तिच्यावर विसंबून असंख्य रुग्णांना सुरक्षित औषधे मिळाली आहेत. नवी चाचणी प्रत्येक प्रकारच्या औषधाबाबत तितकीच विश्वासार्ह आहे, हे सिद्ध होईपर्यंत जुनी सोडणे म्हणजे रुग्णाला धोक्यात घालणे होय. चाचणी बदलायची तर प्रत्येक औषधासाठी ती नव्याने पडताळून नियामकांची संमती घ्यावी लागते, आणि हा खर्च टाळून आपला नफा टिकवावा यासाठी कंपन्या जुनी पद्धत धरून आहेत."

कोणत्या पुराव्याने माझे मत हलेल, याचेही उत्तर लिहिले आहे : नव्या चाचणीतून एखादे दूषित औषध निसटते असे विश्वासार्ह अभ्यासात दिसले, तर मला माझी भूमिका बदलावी लागेल. आता एकच शंका आहे. माझे मत मी प्रस्तावनेतच सांगावे, की शेवटपर्यंत राखून ठेवावे?

उत्तर : अध्यापक, समाजशास्त्र

विषय चांगला आहे, आणि संशोधक विद्यार्थ्याने घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. मत हलवू शकेल असा पुरावा तुम्ही स्वतःच नेमका सांगितला, तेव्हा विषय सोडण्याचे कारण उरत नाही.

परिच्छेदातील पहिली दोन वाक्ये समोरची व्यक्ती आनंदाने मान्य करील. तिसऱ्याचा पूर्वार्धही चालेल. 'नफा टिकवावा यासाठी' येथे मात्र तुमचा आवाज तिच्या तोंडी आला. कोणीही आपली बाजू मांडताना असे म्हणणार नाही. हा आरोप करायचाच असेल तर तो तुमच्या नावावर, पुराव्यासह, निबंधाच्या छाननीच्या भागात येऊ द्या. येथे त्या जागी एवढेच लिहा की, हा वेळ आणि खर्च ज्या औषधांवर होईल त्यांपैकी काही औषधे तातडीची आणि तुटवड्याची असू शकतात. हा मुद्दा खरोखर कठीण आहे आणि तुम्हाला त्याला उत्तर द्यावे लागेल.

प्रश्नाच्या शब्दरचनेत 'कायद्याने बंद' हे थोडे सैल आहे. या क्षेत्रात पुष्कळ काही औषधकोश आणि नियामक संस्था ठरवतात. संसदेचा कायदा हा एकच मार्ग नाही. शिवाय आधीपासून बाजारात असलेली औषधे आणि नव्याने येणारी औषधे यांच्यात फरक करणे आवश्यक आहे, कारण पुनर्पडताळणीचा खर्च मुख्यतः पहिल्या गटाला लागू होतो. 'नव्याने मान्यता मागणाऱ्या औषधांसाठी प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाची चाचणी नियामकांनी सक्तीची करावी का?' असा प्रश्न केला तर विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा तुम्ही प्रामाणिकपणे मान्य करूनही तुमच्या भूमिकेला जागा राहते. हे टाळाटाळ करण्यासाठी नाही. जिथे सक्ती रास्त ठरू शकते आणि जिथे ती जड जाते, त्यांच्यामधली सीमा शोधणे हेच तुमच्या निबंधाचे काम आहे.

मत प्रस्तावनेच्या शेवटी एका वाक्यात स्वच्छ सांगा. शोधनिबंध ही रहस्यकथा नव्हे. तुम्ही कोठे निघाला आहात हे वाचकाला माहीत असेल तर तो तुमची प्रत्येक पायरी तपासू शकतो. मात्र ते वाक्य प्रस्तावनेत लिहायचे असले तरी लिहा सर्वांत शेवटी, सगळे वाचन आणि छाननी झाल्यावर. तोपर्यंत त्या जागी तुमचा प्रश्नच राहू द्या.

तीन हजार शब्दांपैकी चाचणी कशी चालते याला चारशेहून अधिक देऊ नका. हा भाग रंजक असल्यामुळे तो फुगत जाण्याचा धोका आहे. मृत्यूच्या प्रमाणावर मात्र सढळ हाताने लिहा. १५ आणि ३० टक्के यांच्यातील अंतर कशामुळे पडते, ते जीव किती वेळ पाण्याबाहेर राहिले, रक्त किती काढले, आणि सोडल्यानंतर किती दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले, हे प्रत्येक अभ्यासाच्या पद्धतीच्या भागातून काढून एका तक्त्यात मांडा. तो तक्ता तयार झाला की मला दाखवा; त्यानंतर आराखड्याबद्दल बोलू.